पाहुणे मास्तर गेल्यानंतर

स्विंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी श्रीरामपूरचा झहीर खान येतो. माझ्याही आला. नोकरीनिमित्त स्टॉकहोमला गेलेल्या माझ्या भाच्याचा फोन होता आणि तो सांगत होता, "मामू, मी इथं स्विंग शिकतोय." मी म्हटलं, "अरे, या वयात गोलंदाजी?" तो हसत सुटला. "बोलिंग नाही मामू, नाच. जोडीचा नाच." आमच्या खानदानात नाचाचा संबंध वरातीपुरता, आणि तोही बँडवाल्यांचे पैसे चुकते करण्यापुरता. मी विषय बदलला.

पुढं २०१८च्या जुलैमध्ये आपाला, म्हणजे त्याच्या आईला घेऊन मी त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. तिथं हा नाच पाहिला आणि त्याची हकीकतही ऐकली. एक नाच आपल्या जन्मगावी विसरला जातो, आणि समुद्रापलीकडचे लोक म्हाताऱ्या नाचणाऱ्यांना शोधून काढतात, पाहुणे म्हणून बोलावतात आणि तो शिकून घेतात, अशी ती हकीकत आहे. आज तीच सांगणार आहे.

या नाचाचं नाव लिंडी हॉप. जन्म न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, १९२०च्या दशकाच्या अखेरीस. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. १२ मार्च १९२६ रोजी तिथल्या लेनॉक्स अव्हेन्यूवर सॅव्हॉय बॉलरूम नावाचं नृत्यगृह उघडलं. एका गल्लीपासून दुसऱ्या गल्लीपर्यंत पसरलेली ती जागा. आत वादकांसाठी दोन मंच; एक बँड थांबला की दुसरा सुरू, संगीतात खंड नाही. काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एका छताखाली नाचणं हा त्या काळच्या अमेरिकेत अपवाद होता. सॅव्हॉयच्या दारात मात्र रंग विचारला जात नसे.

स्विंग हे खरं तर संगीताचं नाव. ठोक्याचे दोन सारखे तुकडे न करता पहिला जरा लांबवायचा आणि दुसरा आखडता घ्यायचा. घोड्याच्या दुडक्या चालीत असतो तसा झोका त्यातून तयार होतो. कागदावर हे लिहून दाखवता येत नाही, असं वादक सांगतात. आपण ज्याला डौल म्हणतो, तोच हा प्रकार. आणि नाच कसा, तर फुगडी आठवा. फुगडीत दोघी हात धरून मागं रेलतात. एकीचा भार दुसरी तोलते, म्हणून कुणीच पडत नाही. लिंडी हॉपची मुख्य चाल, तिला स्विंगआउट म्हणतात, याच तत्त्वावर चालते. आठ ठोक्यांत जोडी जवळ येते, गिरकी घेते आणि एकमेकांपासून हातभर लांब फेकली जाते. त्या लांबच्या टोकाला दोघांनाही क्षणभर मोकळीक असते. तिथं ज्याला जे सुचेल ते त्यानं करावं. कव्वालीत मुख्य गायकानं ओळ सोडावी आणि साथीदारानं ती उचलून भलतीकडे न्यावी, तसं.

सॅव्हॉयमध्ये नाव काढणाऱ्यांत फ्रँकी मॅनिंग हा एक. जन्म १९१४चा. १९३५ साली तिथं एक चुरस लागली होती. समोर शॉर्टी स्नोडन हा जुना उस्ताद. हा बुटका, जोडीदारीण उंचपुरी. नाच संपताना ती त्याला पाठीवर घेऊन निघून जायची आणि लोक हसून बेजार व्हायचे. तरुण फ्रँकीच्या मनात आलं, की पाठीवर घेतलेलं माणूस तसंच पलीकडे गडगडत जमिनीवर उतरलं तर? त्यानं आणि फ्रीडा वॉशिंग्टन या त्याच्या जोडीदारणीनं गादी अंथरून सराव केला. चुरशीच्या रात्री ती त्याच्या पाठीवरून पलीकडे गेली आणि नेमकी ठोक्यावर उतरली. लिंडी हॉपमधली हवेतली उडी तेव्हापासूनची, असं फ्रँकी सांगत असे. पुढं याच मंडळींचा संच सिनेमातही दिसला. १९४१च्या 'हेल्झापॉपिन' या चित्रपटातला त्यांचा नाच आजही पाहणाऱ्याचा श्वास अडकवतो. पण पडद्यावर ते कोणत्या वेषात आहेत? आचारी, मोलकरणी, ड्रायव्हर. नाच राजांसारखा आणि कपडे नोकरांचे.

महायुद्धानंतर मोठे बँड मोडले, संगीत बदललं, तरुणांना नवं हवं होतं. सॅव्हॉय १९५८ साली बंद झालं, इमारत पाडली गेली, तिथं घरं झाली. फ्रँकीनं १९५५ सालीच टपाल खात्यात नोकरी धरली होती. पुढची तीसेक वर्षं तो टपाल कर्मचारी होता. मला इथं आपल्याकडचे तमाशातले कलावंत आठवतात. फड मोडल्यावर तेही कुठं कुठं पांगतात आणि शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं, हा माणूस कोण होता ते.

आता स्वीडन. तिथल्या काही तरुणांनी हे जुने चित्रपट पाहिले आणि त्या नाचानं ते झपाटले. पण चित्रपट पाहून किती शिकणार? पडद्यावर पाय दिसतात, हाताचा ताण दिसत नाही. १९८४ साली त्यांच्यातले काही जण थेट न्यूयॉर्कला गेले आणि 'हेल्झापॉपिन'मध्ये नाचलेला अल मिन्स त्यांना भेटला. त्यांनी त्याला स्टॉकहोमला बोलावलं. त्याच वर्षी तो गेला, शिकवून परत आला. १९८५च्या एप्रिलमध्ये तो वारला. ही तारीख वाचली तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. हे लोक वर्षभर उशिरा निघाले असते तर?

१९८७ मध्ये त्यांनी फ्रँकीला बोलावलं. तेव्हा तो त्र्याहत्तरीकडे झुकलेला. स्टॉकहोमच्या उत्तरेला हेरेंग नावाचं एक गाव आहे, लोखंडाच्या जुन्या खाणीचं. तिथं १९८२ पासून उन्हाळ्यात नाचाचं शिबिर भरू लागलं होतं. १९८९ पासून फ्रँकी तिथं शिकवू लागला आणि पुढं वर्षानुवर्षं जात राहिला. १९८९ सालीच ब्रॉडवेवरच्या 'ब्लॅक अँड ब्लू'च्या नृत्यदिग्दर्शनासाठी त्याला इतरांबरोबर टोनी पुरस्कारही मिळाला. निवृत्त टपाल कर्मचारी जगभर हिंडून नाच शिकवू लागला. पंच्याण्णवावा वाढदिवस महिनाभरावर असताना, २७ एप्रिल २००९ रोजी तो गेला.

या पाहुण्या मास्तरांपुढं एक अडचण होती. सॅव्हॉयमध्ये कुणी आकडे मोजून शिकलं नव्हतं. कोपऱ्यात उभं राहून पाहायचं, उचलायचं, चुकायचं. युरोपातल्या विद्यार्थ्यांना मात्र पायरीपायरीनं हवं होतं. उजवा कितव्या ठोक्याला? वजन कुठं? मग नाचाचे आठ आकडे झाले, पातळ्या झाल्या, वर्ग झाले. त्याशिवाय एवढ्या लोकांपर्यंत तो पोचलाच नसता, हे कबूल. पण मी कविता लिहिणारा माणूस. आमच्या सरांनी फळ्यावर 'यमाताराजभानसलगा' लिहून वृत्तं शिकवली, त्याचा मला आयुष्यभर उपयोग झाला. तरी लय मला कळली ती नानीच्या जात्यापाशी. ती ओव्या म्हणायची, मराठीतच, आणि तिला गण म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

आता पाहुण्यांच्या वर्गाचं गणित सांगतो, कारण भाच्यानं मला ते नीट दाखवलं. बहुतेक ठिकाणी असंच चालतं. शुक्रवारी रात्री पाहुणी जोडी येते, त्या रात्री सगळे मिळून नाचतात. शनिवार-रविवार दिवसभर वर्ग. गोलात उभं राहायचं आणि दर काही मिनिटांनी जोडीदार बदलायचा, म्हणजे कुणी कुणाच्या मालकीचं राहत नाही. पाहुण्यांचं विमानभाडं, मानधन, सभागृहाचं भाडं हे सगळं शिकणाऱ्यांच्या फीमधून. सोमवारी पाहुणे विमानतळावर. दोन दिवसांत ऐकलेल्यातलं निम्मं मंगळवारी आठवत नाही, आणि उरलेलं पायांत नसतं, वहीत असतं.

खरी गोष्ट सुरू होते ती पुढच्या गुरुवारी. भाच्याच्या गटाचा सराव गुरुवारी संध्याकाळी असायचा. मी गेलो तेव्हा आधीच्या शनिवारी गच्च भरलेल्या खोलीत थोडकेच लोक होते. एक बाई सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप काढत होती. तिनंच खुर्च्या भिंतीला लावल्या, पाण्याचे जग भरले, दाराशी बसून पैसे घेतले. नंतर जो नवखा मुलगा घाबरून उभा होता, पहिल्यांदा त्याच्याबरोबर नाचली. ती तिथली शिक्षिका. पाहुण्यांच्या वर्गाला लांबलांबून येणारे हिच्या वर्गाला येत नाहीत. पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण स्वीडिशमध्ये आहे की नाही, हे विचारायचं राहून गेलं. मला तरी वाटलं, पाहुणे मास्तर ठिणगी टाकतात हे खरं, पण निखारा हीच बाई राखते.

हे पाहताना माझ्या डोळ्यांपुढे मुंबई येत होती. पाहुणे आपल्याकडेही आले होते, स्वीडनच्या कितीतरी आधी. १९३५ साली लिऑन ॲबी हा आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे वादक आले आणि गोव्याचे वादक त्यांच्या हाताखाली तयार झाले. हार्लेममध्ये सॅव्हॉय गाजत होतं, तेव्हाच जवळपास तेच संगीत अपोलो बंदराशी वाजत होतं! पण ताजच्या नाचघरात परळचा माणूस कसा जाणार? वादकांना गुरू मिळाले, नाचणाऱ्यांना नाही. मग ते संगीत वेगळ्या वाटेनं परळला पोचलं. चिक चॉकलेट या नावानं प्रसिद्ध असलेला गोव्याचा ट्रम्पेटवादक आपल्या चितळकरांना, म्हणजे सी. रामचंद्रांना, साथीला मिळाला आणि १९५१ साली 'अलबेला' आला. पडद्यावर नाचत होते भगवानदादा पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. अंगानं जाड, पावलं छोटी, खांदे सैल, चेहऱ्यावर मजा. त्यांचा कुणी वर्ग घेतला नाही. तरी गणपतीच्या मिरवणुकीत बँड वाजू लागला की कुणीतरी काका अजून तसेच नाचतात. कोणताही गुरुवार न पाळता टिकलेला हा नाच. म्हणजे माझा वरचा सिद्धांत थोडा कच्चाच म्हणायचा.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. आज हा नाच शिकवत जगभर फिरणाऱ्यांत गोरे युरोपी शिक्षक पुष्कळ आहेत. हेरेंगमध्ये मी एक दिवस होतो, तेवढ्यात कृष्णवर्णीय चेहरे मला मोजकेच दिसले. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर नाचणाऱ्यांमध्येही या प्रश्नाची उघड चर्चा झाली, की आपण ज्यांचा नाच नाचतो ते लोक आपल्या खोलीत का नाहीत? स्वीडिश लोकांनी चोरी केली असं मी म्हणणार नाही. ते शोधत गेले, म्हाताऱ्यांच्या पायाशी बसले, नावं सांगत राहिले. नॉर्मा मिलर ही सॅव्हॉयची नर्तकी २०१९ मध्ये नव्याण्णव वर्षांची होऊन वारली, तोवर मान घेत आणि फटकारे देत होती. पण हार्लेममधली एखादी मुलगी आपल्या आजीचा नाच शिकायला अशा वर्गात येते, आणि सगळे तिचं मोठ्या प्रेमानं, नवी पाहुणी म्हणून स्वागत करतात, तेव्हा तिला काय वाटत असेल ते मी ओळखू शकतो. कविसंमेलनानंतर मला हमखास कुणीतरी म्हणतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" ते प्रेमानंच म्हणतात. मी "धन्यवाद" म्हणतो. शेख महंमदांचं, सगनभाऊंचं, अमर शेखांचं घर हे, आणि त्या घरात मला चहा पाहुण्याच्या कपातून मिळतो.

असो. हेरेंगची ती रात्र. रात्र म्हणायची ती घड्याळापुरती. अकराला उजेड होता आणि इशाची नमाज कधी धरायची, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. लाकडी सभागृहात बँड वाजत होता. दाराशी साठीपलीकडची एक स्वीडिश बाई घाम पुसत उभी होती. भाच्यानं ओळख करून दिली. ती फ्रँकीकडून शिकलेली. त्याची पहिली शिकवण कोणती, मी विचारलं. तिनं सांगितलं नाही. दोन पावलं मागं सरली आणि माझ्यासमोर कमरेत वाकून तिनं सलाम केला. जोडीदार राणी आहे असं समजून आधी वाकायचं, मग हात धरायचा, असं तो शिकवत असे, हे भाच्यानं मागाहून सांगितलं. मग तिनं हात पुढं केला. मी आपाकडे पाहिलं. आपा खिडकीबाहेर पाहत होती.

आठपैकी पाचव्या ठोक्याला माझा पाय त्या बाईच्या पायावर पडला. ती म्हणाली, पुन्हा.