ग्रंथपालाचा पगार

मार्च 2023 चा शेवटचा आठवडा. साडेचार वाजून गेलेत, तरी वळसंग गावातलं ऊन कमी व्हायचं नाव घेत नाही. अक्कलकोटकडं निघालेल्या एसटीचा हॉर्न पार आतपर्यंत ऐकू येतो. वाचनालयाचं कुलूप काढून अक्का आधी खिडक्या उघडतात, मग झाडू हातात घेतात. पद ग्रंथपालाचं, पण सगळ्यांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला कर्मचारी एकच, त्यामुळं लिपिक त्याच आणि शिपाईही त्याच.

झाडून होतंय तोवर तीन-चार म्हातारी माणसं बाकावर येऊन बसतात. ‘संचार’ दैनिकाची पानं सुटी होऊन चार हातांत जातात. एकाला कन्नड पेपर हवा आहे.

“अण्णा, कालचाच हाय. आजचा आला नाही अजून.”

“कालचा तर कालचा, दे की.”

टेबलावर नव्या पुस्तकांचा छोटा गठ्ठा आहे. अक्का दाखल नोंदवही उघडतात. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत, बिल नंबर. एकेक रकाना सावकाश भरला जातो. इथं खाडाखोड चालत नाही. चुकलंच तर लाल शाईची एक रेघ आणि शेजारी सही. मग शिक्का. एक आतल्या पहिल्या पानावर, दुसरा मध्येच ठरलेल्या एका पानावर. “पहिलं पान कुणी फाडलं तरी हा दुसरा सापडतो,” त्या मला दाखवतात. तपासणीला साहेब आले की आधी हीच वही मागतात.

वहीखालून एक कागद डोकावतोय. पगाराचं व्हाऊचर. सरकारी अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येतं, म्हणून पगारही सहा महिन्यांचा एकदम. रक्कम पाच हजारांवर गेली की रेव्हेन्यू तिकीट लागतं. ते चिकटवून झालंय, सही तेवढी बाकी आहे.

“हिशेब सोपा हाय,” अक्का पेन खाली ठेवतात. “गेल्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळानं अनुदानात 60 टक्के वाढ दिली. ‘ड’ वर्गाला वर्षाला 30 हजार होते, त्याचे 48 हजार झाले. त्यातले निम्मे पगारावर. म्हणजे चोवीस. भागिले बारा करा की तुम्हीच.”

दोन हजार. महिन्याचे. आणि वाढीआधी साडेबाराशे, तेही 2012 पासून दहा वर्षं तेवढेच. रोजगार हमीवर यंदा, 2022-23 मध्ये, दिवसाला 256 रुपये मिळतात. कुणी आठ दिवस फावडं मारलं, तर त्याची मजुरी अक्कांच्या महिन्याच्या पगारापुढं जाते.

ही गोष्ट एकट्या वळसंगची नाही. महाराष्ट्रात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानं त्यांना मान्यता आणि अनुदान दिलं. ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग पाडले, तपासणी लावली. पण वाचनालय चालवणार संस्था, माणूस नेमणार संस्थेची कार्यकारिणी; म्हणून तो सरकारी कर्मचारी नाही. कार्यकारिणीकडं वर्गणीपलीकडं फारसं उत्पन्न नसतं, म्हणून अनुदानातला वाटा हाच त्याचा पगार. व्यंकप्पा पत्की समितीनं या कर्मचाऱ्यांसाठी वेतनश्रेणीची शिफारस केली, तिलाही आता बरीच वर्षं झाली. वरच्या वर्गात जावं म्हटलं तर 2012 नंतर बरीच वर्षं दर्जावाढ थांबलेली होती. पुस्तकाची किंमत नोंदवहीत पैशापर्यंत लिहावी लागते. ती लिहिणाऱ्या माणसाची किंमत मात्र अनुदानाच्या वाट्यातून ठरते.

एक पोरगा घाईनं आत येतो. पायांत बूट, कपाळावर घाम. पोलीस भरतीची तयारी करतोय.

“अक्का, गणिताचं ते पुस्तक?”

“दुसऱ्या कपाटात, खालून दुसरा खण. सरावाच्या पानांवर पेनानं खुणा करू नको. तुझ्यामागं अजून तिघं हायत.”

तो पुस्तक घेऊन खिडकीशी बसतो. अक्कांनी देवघेव वहीत बघितलंसुद्धा नाही. कुणाला काय लागतं, कुणाचा नंबर कधी, सगळं तोंडपाठ.

पाठोपाठ बारावी झालेली शेजारची मुलगी येते. नव्या पुस्तकांना नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवू लागते. हे काम ती आवडीनं करते. हात चालू ठेवूनच विचारते, “अक्का, मी ग्रंथपाल होऊ का?”

बाकावरचे अण्णा पेपरवरून मान वर करतात. अक्का हसत नाहीत.

“हो की. पण नीट बघून हो. सहा महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स करून थांबलीस तर माझ्यासारखी इथं बसशील. पदवीनंतर बी.लिब. कर, एम.लिब. कर, नेट नाहीतर सेट काढ. कॉलेजात पूर्णवेळ जागा मिळाली तर मूळ पगार 57,700 पासून सुरू होतो. काम हेच. पुस्तक दाखल करायचं, नंबर द्यायचा, मागेल त्याच्या हातात ठेवायचं.”

“मग तुम्ही का नाही केलं?”

“तेव्हा सांगणारं कोण होतं?”

मुलगी चिठ्ठी दाबून बसवते. अक्का व्हाऊचर पुढं ओढतात आणि तिकिटावरून आडवी सही करतात.

“इकडं ये,” त्या दाखल नोंदवही तिच्याकडं फिरवतात. “पुढची नोंद तू कर. अक्षर नीट काढ. आणि उद्या कुठं नोकरीला बोलावलं, तर काम काय ते नंतर विचार. पगार किती अन् देणार कोण, ते आधी.”