पाच फूट दोन इंचांचा डग

ऑस्ट्रेलियाचे क्रिकेटपटू तुम्हांला तोंडपाठ असतील. पण तिथे हिवाळ्यात एक निराळाच फुटबॉल खेळतात, तो ठाऊक आहे? मैदान क्रिकेटचंच, चेंडू मात्र लांबट. एका संघात अठरा जण, आणि चेंडू हातात घेऊन पळायलाही परवानगी! (मधूनमधून त्याचा टप्पा टाकावा लागतो, बरं का.) उंच उडी मारून चेंडू झेलायचा, म्हणून खेळाडू कसे ताडमाड असतात.

आणि डग निकोल्स होता जेमतेम पाच फूट दोन इंच!

डग ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी. जन्म १९०६ चा, कमरागंजा नावाच्या वस्तीतला. तो आठ वर्षांचा असताना पोलीस आले आणि त्याच्या सोळा वर्षांच्या बहिणीला, हिल्डाला, जबरदस्तीने घेऊन गेले. गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून काम करता यावं, याचं शिक्षण द्यायला! तेव्हा सरकारच असं करत असे.

१९२७ साली डग मेलबर्नच्या कार्लटन संघाकडे गेला. पण त्याचा रंग काळा. त्याला मालिश करायलाही तिथे कुणी तयार होईना, असं सांगतात. मग तो नॉर्थकोट या दुसऱ्या संघात गेला, आणि १९२९ मध्ये त्या संघाने विजेतेपद मिळवलं. डग वाऱ्यासारखा पळायचा. उंच गडी वाकेपर्यंत हा चेंडू घेऊन पसार!

१९३२ मध्ये त्याला मोठ्या संघाने, फिट्झरॉयने घेतलं. पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तो एकटाच कोपऱ्यात बसला होता. (नव्या मुलाशेजारी कोण बसणार, हा प्रश्न आमच्या वर्गातही दर जूनमध्ये येतोच.) संघात हेडन बंटन होता. आदल्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक मिळवलेला. तो उठला, डगच्या शेजारी येऊन बसला आणि तिथेच कपडे बदलू लागला. झालं! कोपरा उरलाच नाही.

डग फिट्झरॉयकडून ५४ सामने खेळला. १९३५ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या संघातही निवडला गेला. पुढे गुडघ्यांनी दगा दिला.

खेळ सुटल्यावर तो धर्मोपदेशक झाला, आणि आपल्या लोकांच्या हक्कांसाठी आयुष्यभर झगडला. त्यांना जनगणनेतसुद्धा धरत नसत! १९६७ साली त्यावर देशभर मतदान झालं, तेव्हा त्याच्या प्रचारात डगही होता. शंभरातल्या नव्वदांनी बदलाच्या बाजूने मत दिलं.

१९७२ मध्ये डग निकोल्स ‘सर’ झाले, १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल. आजारपणामुळे काही महिन्यांतच त्यांना ते पद सोडावं लागलं. १९८८ साली ते वारले.

२०१६ पासून तिथल्या फुटबॉल स्पर्धेतली दरवर्षीची एक फेरी त्यांच्या नावाने खेळली जाते. त्या फेरीत कार्लटनचा संघही उतरतो.