सूत्रधारही टीव्ही पाहत होते

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला आणि पुढचे जवळपास ६० तास सारा देश टीव्हीसमोर बसून होता. त्याच वेळी पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही भारतातल्याच वाहिन्या पाहत होते. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधल्या अतिरेक्यांना ते फोनवरून बाहेरची हालचाल सांगत होते. तपास यंत्रणांनी टिपलेली ही संभाषणं आजही ऐकवत नाहीत. २८ तारखेच्या सकाळी नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरले, तेही साऱ्या जगाला थेट दिसलं.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी खेळाडूंना ओलीस धरलेल्या अतिरेक्यांना पोलिसांची तयारी टीव्हीवर दिसत होती, म्हणून छापा सोडून द्यावा लागला होता.

दहशतवाद्याला मृतांच्या संख्येइतकीच घराघरांत पोचणारी भीती हवी असते, आणि ती पोचवायला बातमी लागते. म्हणून बातमी दडपावी, असं मात्र मला वाटत नाही. त्यातून अफवाच माजतात. प्रश्न वेळेचा आहे. मुंबई हल्ल्यात जिवंत पकडलेला अतिरेकी कसाब याची फाशी कायम करताना २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५पासून केबल नियमांनुसार दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत तिचं थेट चित्रण दाखवता येत नाही. नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच सांगायची. रस्त्यावरच्या मोबाइल कॅमेऱ्याला मात्र हा केबलचा नियम लागू होत नाही.