नाकाने बोलणारा, जबड्याने ऐकणारा

डॉल्फिन माशांमध्ये राहतो, माशांवर जगतो आणि दिसतोही माशासारखा. पण त्याला कल्ले नाहीत. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, त्याचे रक्त उष्ण असते, मादी पिलाला जन्म देते आणि दूध पाजते. नुसती शेपटी पाहिली तरी फरक कळतो. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची आडवी असते आणि वर-खाली हलते. जमिनीवर चौखूर धावणाऱ्या प्राण्याची पाठही वर-खालीच वाकते. हे साम्य वारशाने आलेले आहे. डॉल्फिन आणि देवमासे ज्यांच्यापासून उत्क्रांत झाले ते सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय उपखंडात वावरणारे, खुरांचे, चार पायांचे प्राणी होते. आज हयात असलेल्या प्राण्यांत पाणघोडा हा डॉल्फिनच्या घराण्याचा सर्वात जवळचा नातलग.

खुरांच्या प्राण्यांशी असलेल्या या नात्याचा एक महत्त्वाचा पुरावा जम्मूतील कालाकोट भागातून आला. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तेथून गोळा केलेले खडक त्यांच्या मृत्यूनंतर अमेरिकेतील जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांच्या हाती गेले. ते साफ करताना एक कवटी चुकून मोडली आणि आतले कानाचे हाड उघडे पडले. त्या हाडाची एक भिंत नेमकी देवमासे-डॉल्फिनांच्या हाडासारखी जाड होती. इंडोहायस नावाचा हा मांजराएवढा प्राणी २००७ मध्ये देवमाशांच्या कुळाशेजारी जाऊन बसला. पुरावा कानातच सापडावा हे शोभून दिसते, कारण डॉल्फिनचा संसार कानावरच चालतो.

जमिनीवरच्या पूर्वजांकडून आलेली मोठी अडचण म्हणजे श्वास. नाकपुडी डोक्याच्या माथ्यावर सरकली असल्याने डॉल्फिनला पाण्याबाहेर फारसे यावे लागत नाही. तो क्षणार्धात उच्छ्वास टाकून ताजी हवा भरून घेतो. मात्र प्रत्येक श्वास त्याला ठरवून घ्यावा लागतो. माणसासारखा बेशुद्ध झोपला तर तो गुदमरेल. म्हणून त्याचा मेंदू अर्धा-अर्धा झोपतो: एक गोलार्ध विश्रांती घेतो, दुसरा श्वास आणि आजूबाजूचा धोका सांभाळतो, आणि एक डोळा बहुधा उघडा राहतो. पाणी शरीराची उष्णता भराभर ओढून घेते, त्यासाठी कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. चरबी नसलेल्या परांमध्ये गरम रक्त नेणाऱ्या धमन्यांना थंड रक्त आणणाऱ्या शिरांचा वेढा असतो, त्यामुळे बाहेर जाणारी बरीच ऊब आत परतते.

समुद्रात थोड्या अंतरापलीकडे दिसेनासे होते आणि गढूळ पाण्यात तर हाताएवढ्या अंतरावरचेही दिसत नाही. आवाज मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. डॉल्फिनने वास घेण्याची शक्ती गमावली आणि सगळी भिस्त या आवाजावर ठेवली. माथ्याखालच्या नासिकामार्गात ओठांसारख्या घड्या असतात. त्यांच्यावर हवेचा दाब देऊन तो टकटक असे अतिशय आखूड आवाज काढतो. कपाळातील मेलन नावाचा चरबीचा गोळा ते आवाज एका झोतात समोर फेकतो. माणसाचे कान सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतच ऐकू शकतात. डॉल्फिनच्या या टकटकीत सेकंदाला १ लाखाहून अधिक कंपने असू शकतात. समोरच्या वस्तूवर आपटून आलेला प्रतिध्वनी तो टिपतो खालच्या जबड्याने. जबड्यातील चरबी तो ध्वनी थेट आतल्या कानापर्यंत पोचवते. भक्ष्य जवळ येत जाते तशी टकटक इतकी दाट होते की तिची गुणगुण होऊन जाते.

केनेथ नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास बॉटलनोज जातीच्या एका डॉल्फिनच्या डोळ्यांवर रबरी झाकणे बसवली. तरीही तो अडथळे चुकवत पोहत राहिला आणि मासा अचूक शोधत राहिला. बहामा बेटांजवळचे डॉल्फिन वाळूत दडलेले मासेही याच पद्धतीने शोधून, तोंड खुपसून बाहेर काढतात. या क्षमतेची परिसीमा गंगेत दिसते. गंगेच्या डॉल्फिनच्या, म्हणजे सूंसच्या, डोळ्यांत भिंगच नसते. त्याला फार तर उजेड-अंधार कळत असावा. तो बऱ्याचदा एका कुशीवर पोहतो आणि डोके हलवत सतत आवाज फेकत नदीचा तळ चाचपतो. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत भारतातल्या नद्यांत ६,३२७ डॉल्फिन नोंदले गेले. त्यातले बियास नदीतील सिंधू जातीचे तीन सोडले तर बाकी सगळे सूंसच.

एकमेकांशी बोलताना बहुतेक सागरी डॉल्फिन शिट्ट्या वापरतात. बॉटलनोजचे पिलू पहिल्या वर्षाच्या आतच स्वतःची एक वेगळी शिट्टी घडवते आणि ती बहुधा जन्मभर टिकवते. स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट जॅनिक यांनी २०१३ मध्ये दाखवले की डॉल्फिनला त्याच्या स्वतःच्या शिट्टीची नक्कल ऐकवली तर तो उत्तर देतो, दुसऱ्याची शिट्टी ऐकवली तर तसे देत नाही. नावाने हाक मारण्याच्या इतक्या जवळ पोचलेले प्राणी फार थोडे आहेत. एकेकाळी एकाच तलावात राहिलेल्या डॉल्फिनांना जुन्या सोबत्याची शिट्टी २० वर्षांनंतरही ओळखू आल्याची नोंद आहे.

अशा स्मरणशक्तीची गरज त्यांच्या समाजरचनेत आहे. कळप ठरलेला नसतो. माणसे सकाळी एकाबरोबर, दुपारी दुसऱ्याबरोबर असावीत तसे गट जुळतात आणि मोडतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे उपसागरात दोन-तीन नर वर्षानुवर्षांची जोडी जमवतात, मादीला घेरतात आणि वेळ पडली तर दुसऱ्या टोळ्यांशी हातमिळवणी करतात. हे राजकारण नेहमी सौम्य नसते. नरांनी पिले मारल्याच्या नोंदी आहेत, आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बॉटलनोजनी पोर्पॉइज या आपल्या लहानखुऱ्या नातलगांना धडका देऊन ठार केलेले आढळले आहे. डॉल्फिनच्या चेहऱ्यावरचे हसू ही जबड्याची ठेवण आहे, तिच्यावरून स्वभाव ठरवू नये.

त्याच शार्क बेमध्ये काही माद्या तोंडावर समुद्रातला स्पंज घालून खरखरीत तळ उकरतात, म्हणजे नाकाड खरचटत नाही. ही युक्ती मुख्यतः आईकडून मुलीकडे जाते. ब्राझीलच्या लगुना येथे डॉल्फिन बोईट माशांचे थवे किनाऱ्याकडे हाकतात, विशिष्ट उसळी मारतात, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले कोळी त्या इशाऱ्यावर जाळे टाकतात. गोंधळून फुटलेले मासे डॉल्फिनांना मिळतात.

बॉटलनोजची मादी वर्षभर गाभण राहते आणि एका वेळी एकच पिलू देते. ते दीड-दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ दूध पिते, त्यामुळे दोन बाळंतपणांत सहसा तीन ते सहा वर्षे जातात. कळपातले थोडे जरी प्राणी मेले तरी ती तूट भरून यायला फार काळ लागतो.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून दिसणारे डॉल्फिन बहुतेक वेळा हम्पबॅक जातीचे असतात. करड्या रंगाचे, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. ते उथळ पाणी आणि खाड्यांची तोंडे सोडून फारसे खोल जात नाहीत, म्हणून दापोली-मुरूड किंवा तारकर्लीच्या होडीतून ते सहज दिसतात. याच पट्ट्यात मासेमारी, बंदरे आणि पर्यटकांच्या होड्यांची गर्दी आहे. ही जात धोक्यात असल्याचे जागतिक यादीत नोंदले आहे. इंजिनांच्या घरघरीत शिट्ट्या बुडून जातात आणि पाठलाग करणाऱ्या होड्यांमुळे खाणे-विसावणे अर्धवट राहते. अनेक देशांत डॉल्फिनांना तलावात ठेवून त्यांचे खेळही केले जातात. भारताने त्याला २०१३ मध्ये मनाई केली.

सर्वात मोठा घात मात्र गिलनेटचा, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्यांचा. नायलॉनच्या बारीक दोऱ्यावरून प्रतिध्वनी फारच क्षीण येतो, आणि जाळ्यातले मासे काढून घ्यायला आलेला डॉल्फिन अडकला की वर येऊन श्वास घेऊ शकत नाही. कोळ्याचेही जाळे फाटते. उपाय म्हणून जाळ्यांना आवाज करणारी छोटी यंत्रे बांधून पाहिली गेली. पोर्पॉइज त्यांच्यापासून बऱ्यापैकी लांब राहतात. बॉटलनोजवर होणारा परिणाम भरवशाचा नाही, कारण आवाज आहे तिथे मासे अडकलेले असणार, हेही ते शिकू शकतात.