शैक्षणिक खेळ, ग्रामीण

ग्रामीण मुलांच्या शिक्षणासाठी त्यांच्या परिसरातील साहित्य, बोली, पारंपरिक खेळ व लोकजीवन यांच्या आधारे हेतुपुरस्सर रचलेले खेळ. एखादी संकल्पना वा कौशल्य मुलांनी खेळता खेळता आत्मसात करावे, हा त्यांचा उद्देश होय. शहरी खेळाच्या पटावर बैलगाडीचे वा मोटेचे चित्र काढल्याने तो खेळ ग्रामीण ठरत नाही. नियम, साहित्य, भाषा व खेळण्याची वेळ या चारही बाबी मुलांच्या जीवनाशी जुळाव्या लागतात आणि शिकण्याचा विषय खेळाच्या नियमातच सामावलेला असावा लागतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : खेळ हे बालशिक्षणाचे मुख्य साधन मानून जर्मन शिक्षणतज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ख येथे आपली संस्था काढली, तीच पुढे बालोद्यान म्हणून ओळखली गेली. इटलीत मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे बालगृह सुरू करून इंद्रियशिक्षणाची साधने तयार केली. भारतात गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी भावनगर येथे १९२० मध्ये बालमंदिर स्थापून माँटेसरी पद्धतीला भारतीय वळण दिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी (त्या वेळचा ठाणे, सध्याचा पालघर जिल्हा) येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ (१९१०–९२) यांची त्यांना साथ लाभली. १९५७ मध्ये हे कार्य जवळच्या कोसबाड टेकडीवर नेण्यात आले. माँटेसरी साधने महाग व गावात दुर्मिळ असल्याने शंख-शिंपले, खडे, बिया, पाने व फुले यांचा उपयोग करण्यात आला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. साहित्य स्वस्त असावे, एवढाच या प्रयोगाचा बोध नाही. मुलाला घरी जे अवगत आहे तेच शिक्षणाचे भांडवल होय, हा त्यातील महत्त्वाचा विचार आहे.

पारंपरिक खेळांतील शैक्षणिक आशय : अनेक पारंपरिक खेळांत गणित व तर्क मुळातच असतात. सागरगोट्यांच्या एका प्रकारात पाच गोट्यांपैकी एक वर उडवून झेलताना उरलेल्या चार प्रथम एकेक, नंतर दोन-दोन, मग तीन व एक आणि अखेरीस एकदम उचलतात. ४ या संख्येची ही फोड पाटीवर शिकण्यापूर्वी मुलीच्या हाताला ठाऊक झालेली असते. शिक्षकाने गोट्यांची संख्या सहा वा सात केली, की पुढील संख्यांच्या फोडी आपोआप पुढे येतात.

चल्लस-आठ हा दुसरा बोलका नमुना होय. जमिनीवर खडूने वा कोळशाने पाच गुणिले पाच असा २५ घरांचा पट आखतात. बाहेरच्या फेरीत १६, आतल्या फेरीत ८ व मध्यभागी १ घर येते. चार कवड्या किंवा एका बाजूने दगडावर घासून पांढरे केलेले चार चिंचोके दान म्हणून टाकतात. उताण्या पडलेल्यांची संख्या ते दान. चारही उताणे पडल्यास ४ आणि चारही पालथे पडल्यास ८. दोन्ही बाजू पडण्याचा संभव सारखा मानला, तर होणाऱ्या १६ प्रकारांपैकी २ हे दान ६ प्रकारांनी, १ व ३ प्रत्येकी ४ प्रकारांनी आणि ४ व ८ प्रत्येकी एकाच प्रकाराने पडते. मुलांनी शंभर दाने टाकून नोंद केली, की आठाचे दान दुर्मिळ का, हे त्यांना कळते. चिंचोक्यांची नोंद या हिशेबापासून ढळली, तर दोन्ही बाजू सारख्या नाहीत, हेही त्यांच्या ध्यानी येते. संभाव्यतेचा पाठ येथे खेळातूनच निघतो.

भाषेच्या दृष्टीनेही असे खेळ उपयुक्त असतात. विटीदांडूत काही भागांत वकट, लेंड, मूंड अशी गणती करतात. ही नावे तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु या संख्यानामांशी मिळतीजुळती असल्याने शेजारच्या भाषांचा संबंध मुलांना खेळातून दाखविता येतो. वारली, गोंडी, भिली यांसारखी भाषा बोलणाऱ्या मुलांना प्रथम घरच्या भाषेत मोजू देऊन नंतर प्रमाण मराठीकडे नेणे इष्ट ठरते.

रचनेची तत्त्वे : प्रथम गावातील मुले काय, केव्हा व कोणाबरोबर खेळतात, याचे निरीक्षण करावे. सुगीच्या दिवसांत, गुरे चारताना वा धाकट्या भावंडाला सांभाळताना जो खेळ शक्य असतो, तोच टिकतो. साहित्य हरवले तर मुलांनाच ते पुन्हा मिळविता यावे. नियम थोडे असावेत व वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र खेळू शकावीत. बाद झालेल्यास बाहेर बसविणारा नियम शिक्षणास घातक ठरतो. कारण ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, तोच प्रथम बाहेर जातो. अशा मुलाकडे गुणांची नोंद सोपवून पुढच्या फेरीत त्याला परत घेतल्यास ही उणीव दूर होते. साहित्य सुरक्षितही हवे : गुंजा व एरंडाच्या बिया विषारी असल्याने मोजणीसाठी वापरू नयेत आणि तीन वर्षांखालील मुलांच्या हाती लहान खडे वा बिया देऊ नयेत.

मर्यादा : परंपरेतील सर्वच स्वीकारार्ह नसते. सागरगोटे मुलींचे व विटीदांडू मुलांचा, ही विभागणी शाळेत पाळण्याचे कारण नाही. कवड्यांच्या खेळांना जुगाराची जोड मिळते. काही खेळगाण्यांत जातिवाचक हेटाळणी आढळते. असा भाग गाळणे वा बदलणे आवश्यक असते. उलट प्रत्येक खेळाला गुण व परीक्षा जोडल्यास खेळाचे खेळपण नाहीसे होते. म्हणून मुक्त खेळासाठी स्वतंत्र वेळ राखून ठेवावा लागतो.

एकात्मिक बालविकास सेवा योजनेने (१९७५) अंगणवाडी देशभर नेली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने पायाभूत स्तरावर खेळाधारित शिक्षणाला स्थान दिले आणि २०२३ मध्ये या स्तरासाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, कोडी, बाहुल्या इत्यादींचा संच प्रसृत झाला. तथापि सर्वत्र एकसारखा संच पाठविल्याने हे कार्य पुरे होत नाही. त्यात प्रत्येक गावाने आपल्या खेळांची भर घालावी लागते आणि त्यासाठी शिक्षक व अंगणवाडी सेविका यांना निरीक्षणाचे प्रशिक्षण व नियम बदलण्याची मोकळीक असावी लागते. शाळा सुटल्यावर, कोणी न सांगता, मुले तो खेळ झाडाखाली पुन्हा मांडतात की नाही, हीच अशा खेळाच्या यशाची खरी कसोटी होय.