समुद्रघोड्याचा हट्ट आणि दोन फुटांची काचपेटी

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी शेजारचा आठवीतला मुलगा दारात येऊन उभा राहिला. "जयभीम मामा," म्हणाला आणि हातातली वही पुढे केली. वहीत समुद्रघोड्याचे चित्र चिकटवलेले होते. वर्षभर साठवलेले पैसे आणि वडिलांनी ओव्हरटाइममधून दिलेली भर मिळून काचपेटी घ्यायची, तीत समुद्रघोड्याची जोडी ठेवायची, असा त्याचा बेत. सोबतीला कोणते मासे चालतील, एवढेच मी सांगायचे होते. वडील सातपूरला कारखान्यात पाळीने जातात. त्यांच्या घामाचा पैसा पाण्यात जाऊ नये म्हणून मी त्याला खाली बसवले.

पहिली गोष्ट कायद्याची. समुद्रघोडा आणि त्याच्याच कुळातला, नळीसारखा लांबट नळीमासा, या सर्वांना 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेण्यात आले. कोकण किनाऱ्यावर समुद्रघोडे आढळतात, पण ते पकडणे, विकणे गुन्हा आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात इतर मासळीबरोबर ते सापडतात आणि वाळवून औषधांसाठी चोरट्या मार्गाने परदेशात पाठवले जातात, त्यामुळे ही पाळी आली. 2004 पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. तेव्हा दुकानदार "परदेशी माल आहे, काही होत नाही" म्हणाला तरी वाचकांनी फसू नये. त्रास विकणाऱ्याला होवो न होवो, घेणाऱ्याला नक्की होतो.

पोराचा चेहरा पडला. मग म्हटले, समुद्रघोडा घरी आणायचा नाही, पण त्याची सोबत कशी निवडतात हे समजून घेऊ. त्यात सगळ्या काचपेट्यांचे गणित आहे.

समुद्रघोडा पोहण्यात फार मंद. पाठीवरचा इवलासा पर सेकंदाला तीस-पस्तीस वेळा हलवून तो कसाबसा पुढे सरकतो, आणि प्रवाह आला की शेपटीने गवताला विळखा घालून राहतो. त्याला दात नाहीत, पोटाची पिशवीही नाही. खाल्लेले लवकर पुढे सरकते, म्हणून दिवसातून अनेकदा थोडे थोडे खावे लागते. नळीसारख्या तोंडाने तो बारीक कोळंबीसारखे जीव ओढून घेतो, पण आधी बराच वेळ नुसता न्याहाळत बसतो. (पिल्ले पोटाच्या पिशवीत वाढवतो तो बाप. हे सांगितल्यावर पोराची आई आतून म्हणाली, "बघा, शिका काहीतरी!")

आता अशा प्राण्याच्या टाकीत चपळ मासा सोडला तर काय होईल? घास पडायच्या आत तो मासा सगळे संपवील आणि समुद्रघोडा भरल्या टाकीत उपाशी मरेल. म्हणून मत्स्यालयांतले जाणकार त्याच्यासोबत गोगलगायी, छोट्या कोळंब्या, तळाशी बसणारे लहान शांत मासे एवढेच ठेवतात. खेकडा चालत नाही, तो शेपटी धरतो. डंख मारणारे समुद्रफूल चालत नाही. नळीमासा नातेवाईक असला तरी दुसरीकडून आणलेला असेल तर त्याच्यासोबत रोगही येऊ शकतो.

सोबत निवडताना सौंदर्य बघायचे नसते. कोण किती भरभर खातो, कोणाचे तोंड केवढे, कोणाला कसले पाणी लागते आणि कोण कोणाला टोचतो, हे बघायचे. नाशिकच्या घरात गोड्या पाण्याची टाकी लावतानाही हेच चार प्रश्न.

सर्वांत जास्त फसगत फायटर माशात होते. नर फायटर एकटाच ठेवावा. दोन नर एकत्र आले की एकमेकांना फाडतात. लांब शेपटीचा गप्पीही त्याला शत्रू वाटतो. मी स्वतः सुरुवातीला एका दुकानातून फायटर आणि सहा गप्पी एकाच पिशवीत आणले होते. "एकत्र राहतात," असे दुकानदाराने छातीठोक सांगितले. तिसऱ्या दिवशी दोन गप्पींच्या शेपट्या उरल्या नव्हत्या.

एंजल मासा लहानपणी गरीब दिसतो. मोठा झाला की निऑन टेट्रासारखे बारीक मासे गिळतो. टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात. गोल्डफिशला थंड पाणी मानवते आणि तो घाणही फार करतो, म्हणून उबदार पाण्यातल्या माशांत त्याला घालू नये. काचेच्या गोल बाऊलमध्ये तर मुळीच नाही. काच चाटणारा सकर दोन इंचांचा म्हणून विकतात, तो फूटभर वाढतो. मग लोक त्याला गोदावरीत सोडून देतात. कृपा करून असे करू नये. बाहेरचा मासा नदीत वाढला की इथल्या माशांच्या अंड्यांवर आणि अन्नावर गदा येते. गप्पीचेही तेच. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" असे भिंतींवर रंगवलेले आपण वाचले आहे, आणि साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या खायला त्यांचा उपयोग होतोही. पण तो मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, वाहत्या नदीत सोडण्याचा नाही.

जमते ते असे. गप्पी, मोली, प्लॅटी हे पिल्ले देणारे मासे थोड्या जड पाण्यात एकत्र सुखाने राहतात. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर एकाच मादीचा पिच्छा पुरवतात. पाणवनस्पती दाट असल्या तर पिल्ले वाचतात, नाहीतर आईबापच खातात. झेब्रा मासा तर आपल्याच देशातल्या ओढ्या-नद्यांचा, काटक आणि कळपाने राहणारा. सहाच्या खाली ठेवू नये. मात्र तो खाण्यात फार चपळ. त्याच्यासोबत मंद मासा ठेवला की समुद्रघोड्याचीच गत.

पाण्याचे सांगतो. आपल्या नळाचे पाणी गंगापूर धरणाचे असले तरी त्यात क्लोरीन असते. बादलीत उघडे ठेवून दुसऱ्या दिवशी वापरावे. नवीन टाकीत लगेच मासे भरू नयेत. माशांच्या घाणीतून होणारे विष पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी दोन-तीन काटक मासे, मग हळूहळू बाकीचे. निफाडकडची थंडी आपण जाणतोच, डिसेंबर-जानेवारीत उबदार पाण्याच्या माशांना हीटर लागतो. आणि वीज जाते तेव्हा हवेचा पंपही थांबतो, म्हणून दाटी करू नये. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत पन्नास लिटरच्या आसपास पाणी मावते. तेवढ्यात लहान मासे दहा-बारा पुरेत. भरलेली टाकी पन्नास किलोच्या वर जाते. ती टीव्हीच्या डळमळत्या स्टुलावर ठेवू नये. हात घालण्यापूर्वी वायर काढावी.

समुद्रघोडा डोळ्यांनीच बघायचा असेल तर परवाना असलेल्या मत्स्यालयात, किंवा पुस्तकात. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झाले, तेव्हापासून नाशिकच्या कितीतरी शाळांच्या सहली तिथे गेल्या. अलीकडे ते बंद आहे, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

पोराने दोन महिने वाट पाहिली. टाकी नुसत्या पाण्याने भरून, गवत लावून. दिवाळीच्या सुट्टीत त्याने सहा झेब्रा आणि चार प्लॅटी आणल्या. तीन माद्या, एक नर. जानेवारीत प्लॅटीला पिल्ले झाली. किती, ते मोजता मोजता त्याची बहीण दोनदा चुकली, आणि आता ती वही तिच्याकडे आहे.