परतीच्या भाड्याचा हिशेब

देवास म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला आधी आठवतात ते कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावीत, कन्नड घरात जन्मलेले कुमारजी १९४८ साली देवासला गेले आणि अखेरपर्यंत तिथलेच होऊन राहिले. धार आणि देवास ही पवारांची मराठी संस्थाने. त्यातही देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्ये होती. सीमारेषेवर संसार कसा करायचा, हे त्या लोकांना कोणी शिकवायला नको आणि आपल्यालाही नको.

पण आज विषय गाण्याचा नाही, गाडीचा आहे. माझ्या मावशीचे सासर देवासचे. तिच्या नातवाने बी.कॉम. झाल्यावर नोकरीची वाट न पाहता मालवाहतुकीसाठी पिकअप घेतली. कर्ज काढले आणि सुरुवातीच्या भरण्यासाठी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा तो म्हणाला, "काका, गाडी दिवसभर पळते, भाडे रोज येते, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही."

खरे तर गाव या धंद्याला अनुकूल. देवासात किर्लोस्करांच्या पंपांसह अनेक कारखाने आहेत. बाजार समितीत सोयाबीन, गहू, बटाटा येतो. साठ-पासष्ट किलोमीटरवर धार जिल्ह्यातली पीथमपूर औद्योगिक वसाहत आहे. जर्मन कंपनीचे 'टेम्पो' हे नाव पुण्याच्या बजाज टेम्पोमुळे आपल्या बोलीत रुजले. ती कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते आणि तिचा एक कारखाना याच पीथमपुरात आहे. २००५ सालीच टाटांचा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती' रस्त्यावर आला आणि ज्याला ट्रक परवडत नाही अशा तरुणालाही गाडीमालक होता येऊ लागले.

मग चुकत होते कुठे? मी आणि वहिनी वही घेऊन बसलो. आकडे सोपे धरले. समजा, कर्ज ६ लाख, व्याज १० टक्के, मुदत ५ वर्षे. हप्ता होतो सुमारे १२,७५० रुपये. विमा, कर, पासिंग, टायर, सर्व्हिसिंग यांसाठी महिन्याला ५,००० बाजूला ठेवायचे. एकूण १७,७५०. महिन्यात गाडी खरोखर भरून निघते ते दिवस २२ धरले, तर रोजचे जवळपास ८०० रुपये गाडीचेच झाले. आता पीथमपूरची एक फेरी. जाऊन-येऊन १२० किलोमीटर, १० लिटर डिझेल, ९० रुपयांच्या भावाने ९००. भाडे मिळाले १,८००. त्यातून ९०० आणि ८०० वजा केले की उरले १००. दिवसभर गाडी हाकणाऱ्या पोराची ही मजुरी!

आता येताना ८०० रुपयांचे भाडे मिळाले तर? डिझेल जवळपास तेवढेच लागते, हप्ता तोच राहतो. शंभराचे नऊशे होतात. जातानाच्या भाड्यात गाडी जगते, परतीच्या भाड्यात घर जगते. मराठीत भाडे म्हणा की कन्नडात बाडिगे, हिशेब एकच.

दुसरे दुखणे उधारीचे. एका दलालाने त्याची तीन महिन्यांची भाडी अडकवली होती. डिझेलवाला थांबत नाही, बँक थांबत नाही, थांबतो तो एकटा गाडीवाला. असे दोन हप्ते चुकले आणि पाटल्या सोडवायचे लांबले. वहिनींनी नियम घातला : नव्या गिऱ्हाईकाचे निम्मे भाडे माल भरतानाच, आणि जुन्याची उधारी पंधरा दिवसांपुढे नाही.

तिसरा मोह जादा मालाचा. पाऊण टनाच्या गाडीत सव्वा टन घालायचे, म्हणजे एका फेरीत दोन फेऱ्यांचे पैसे! पण धार जिल्ह्यातला गणपती घाट या मोहाचे उत्तर देतो. त्या उतारावर ब्रेक निकामी होऊन इतके अपघात झाले की पर्यायी मार्ग काढावा लागला. पाटे, टायर आणि ब्रेक आधी जातात, माणूस नंतर. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० आहेत.

कागदपत्रांचा बाऊ करू नये, पण हेळसांडही नको. मालासह एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या गाडीला मोटार वाहन कायद्यानुसार वेगळे परमिट लागत नाही. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोंपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. विमा आणि फिटनेस मात्र हवेच. राज्याची हद्द ओलांडताना माल ५०,००० रुपयांवर असेल तर ई-वे बिल सोबत आहे ना, हे गाडी हलवण्यापूर्वी पाहावे. निपाणी-कोल्हापूर किंवा सोलापूर-विजयपूर अशी ये-जा करणाऱ्या आपल्या मुलांनी तर ते विसरूच नये.

आपल्याकडेही अनेक घरांत अशी गाडी घ्यायचा विचार चालू असेल. शोरूममध्ये जाण्याआधी मुलाने पंधरा दिवस एखाद्या जुन्या गाडीवाल्याशेजारी बसून फिरावे. दोन ठिकाणची, दोन्ही दिशांची, दोन तरी बांधील गिऱ्हाईके पाहून ठेवावीत. इथे आपली एक जमेची बाजू आहे. देवासवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ इंदूर, धुळे, सोलापूर, विजयपूर, हुबळी करत थेट अंकोल्याला पोहोचतो. या रस्त्याच्या सोलापूरच्या टोकाला मराठीत आणि विजयपूरच्या टोकाला कन्नडात भाव करू शकणारा मुलगा परतीचे भाडे इतरांपेक्षा लवकर मिळवतो. दोन भाषांचे घर ही त्याची भांडवलाची पेटीच आहे.

देवासचा पुतण्या आता पीथमपूरला जाण्याआधी येतानाचा माल फोनवर ठरवतो. त्याच्या आईच्या दोन पाटल्यांपैकी एक सुटून आली आहे. दुसरीची तारीख वहिनींनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.